गाडी ठोकली आणि समोरच्याचा इन्शुरन्सच नाही, मग काय करायचं?

चवथीच्या आधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या छताचं) सामान घेऊन आम्ही दोघं स्कूटरवरून घरी येत होतो, मी पुढे, बायको मागे, तिच्या मांडीवर पिशव्या, आणि गिरीच्या जवळ एक पोरगा मोटारसायकल घेऊन उलट्या बाजूने असा काही आत आला की ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही. स्कूटरचं पुढचं सगळं फुटलं, बायको डाव्या हातावर पडली, सुपाऱ्या नि कवंडळं रस्ताभर. पोराचा ओठ फुटलेला. तो रडकुंडीला येऊन म्हणतो, "अंकल, गाडी म्हजी न्हय, इश्टाची." म्हणजे माझी नाही, मित्राची. तोपर्यंत दहा-बारा माणसं जमली आणि त्यातलाच एक कोणीतरी शहाणा म्हणाला की पोलीस-बिलीस नको, सणाचे दिवस आहेत, मिटवून टाका. पोराने तीन हजार काढून दिले आणि मी ते घेतले.

त्या तीन हजारांनी मला काय काय शिकवलं तेच सांगतो. बायकोच्या मनगटाला फ्रॅक्चर निघालं, प्लेट घालावी लागली, प्रायव्हेटला ६८ हजार गेले, स्कूटरला ११ हजार वेगळे. रात्री मोबाईलवर त्या मोटारसायकलचा नंबर टाकून बघितला तर इन्शुरन्स तीन वर्षांपूर्वीच संपलेला. म्हणजे ज्या कंपनीकडून पैसे मागायचे ती कंपनीच नाही. आणि माझी चूक अशी की मी पहिल्या तासात जे जे करायला हवं होतं त्यातलं एकही केलं नव्हतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. समोरच्याकडे विमा असला की तुमच्या मागे एक पैसेवाली पार्टी उभी असते, तो नसला की समोर फक्त एक माणूस असतो, आणि त्या माणसाकडे बहुतेक वेळा काही नसतं. म्हणून अशा केसमध्ये जे काय वाचवायचं ते दोनच ठिकाणी, एक तुमची स्वतःची पॉलिसी आणि दुसरं त्या पहिल्या दिवशी तयार झालेले कागद.

आणि हे क्वचित होतं असं समजू नका. देशात रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त विम्याशिवाय आहेत असं २०२४ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनेच आपल्या अहवालात मांडलंय, आणि त्यात दुचाकी सगळ्यात जास्त. गोव्यात तर घरागणिक दोन-तीन दुचाक्या, एक पोराची, एक बायकोची, एक जुनी शेडमध्ये ठेवलेली जी "फक्त पोदेराकडे जायला", म्हणजे पाववाल्याकडे, वापरतात. त्या शेडवाल्या गाडीचा इन्शुरन्स कधी संपला ते कोणाला विचारा, सांगता येणार नाही.

रस्त्यावर असताना

लागलेल्या माणसाकडे आधी बघा, १०८ ला फोन, ११२ ला फोन. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं, की इस्पितळात गेल्यावर डॉक्टरला "रोड अ‍ॅक्सिडेंट" असंच सांगायचं आणि एमएलसी करून घ्यायची, म्हणजे मेडिको लीगल केस. आपल्याकडे लोक पोलिसांच्या कटकटीला घाबरून "घरात घसरून पडली" म्हणून सांगतात. मीही तसंच काहीतरी बोललो होतो, "पडली" एवढंच. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं आणि नंतर आमच्या वकिलाने कपाळावर हात मारला, कारण समोरची बाजू पहिल्यांदा तोच कागद काढणार. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात गेलात तर एमएलसी सहसा ते स्वतःच करतात, प्रायव्हेटला गेलात तर तुम्ही तोंड उघडून सांगा.

खर्चाचं म्हणाल तर केंद्र सरकारची कॅशलेस योजना ५ मे २०२५ पासून लागू आहे, अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा उपचार नेमलेल्या इस्पितळात, आणि समोरच्या गाडीला विमा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पण अपघात खरंच झाला हे पोलिसांकडून कळावं लागतं. म्हणजे परत तेच, पोलिसांना कळवल्याशिवाय गाडं पुढे जात नाही.

गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा. दोन्ही नंबरप्लेट, गाड्या कुठे कशा पडल्यात, ब्रेकचे वण, रस्त्याची बाजू, आजूबाजूचं दुकान किंवा बस स्टॉप म्हणजे जागा ओळखता येईल. एक सलग व्हिडिओ काढा, त्यात समोरच्याला नाव-गाव विचारा, लायसन्स आणि आरसी दाखव म्हणा. जमलेल्या गर्दीतल्या दोघांचे नंबर घ्या, जे मिटवा मिटवा म्हणतात ते नव्हे, जे गप्प उभे असतात ते. जवळच्या दुकानाचा किंवा दारूच्या बारचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी विचारा, नंतर त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढतं.

मग एमपरिवहन अ‍ॅप उघडा आणि नंबर टाका. इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते येतं, मालकाचं नाव अर्धं ताऱ्यांनी झाकलेलं येतं, चालेल, स्क्रीनशॉट घ्या. तिथे संपलेला दिसला तरी लगेच शिक्का मारू नका, कधी कधी नवीन पॉलिसी चढायला वेळ लागतो, म्हणून समोरच्याला पॉलिसी दाखव म्हणून विचारायचंच. डिजिलॉकरमध्ये असली तरी चालते. आणि "घरी आहे, उद्या व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणाला की समजायचं.

मिटवायचं की नाही? मी सरसकट नको म्हणणार नाही. इंडिकेटर फुटला, पत्रा चेपला, कोणाला खरचटलंही नाही, अशा वेळी गॅरेजवाल्याला फोन करून अंदाज घ्या, पैसे यूपीआयने घ्या म्हणजे नोंद राहते, आणि विषय संपवा. पण अंगाला मार असेल तर रस्त्यावर मिटवू नका, कारण हाड मोडलंय की नाही ते तिथे उभं राहून कळत नाही, माझ्या बायकोला पहिला तासभर नुसती सूज होती.

गोव्यातली खास भानगड

काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असली तर ती रीतसर रेंटची गाडी, तिचे कागद सहसा व्यवस्थित असतात. डोकेदुखी पांढऱ्या पाटीची. म्हणजे कोणीतरी आपली खासगी स्कूटर किंवा जीप टुरिस्टला गुपचूप भाड्याने दिलेली. टुरिस्ट विचारला की सांगतो "दोस्त की गाड़ी है", कारण गाडी देणाऱ्याने त्याला तसंच पढवलेलं असतं. इथे इन्शुरन्स असूनही नसल्यासारखा होऊ शकतो, कारण पॉलिसी खासगी वापराची आणि गाडी भाड्यावर, मग कंपनी अटी मोडल्याचा मुद्दा काढते, आणि झालंच तर कोर्ट आधी कंपनीला भरायला लावून नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं.

अशा वेळी टुरिस्टचं ओळखपत्र, हॉटेलचं नाव, आणि गाडी कोणाकडून घेतली त्याच्याशी झालेलं चॅट किंवा पैसे पाठवल्याचा यूपीआयचा फोटो तिथल्या तिथे मिळवा. तो परवा मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून उडालेला असतो, मग शोधत बसा. आणि गावातलीच कोणी अशी गाडी भाड्याने देत असेल तर त्याला एवढंच सांगा की दिवसाचे चारशे-पाचशे मिळवायला तू स्वतःचं भाट, म्हणजे माडांची बागायत, गहाण टाकतोयस.

पोलीस स्टेशन

कोणाला लागलं असेल तर एफआयआर मागा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेली, आता भारतीय न्याय संहितेत बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१, त्यात इजा झाली तर १२५, मृत्यू झाला तर १०६. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ आणि १९६ पण लावा म्हणून सांगा, म्हणजे विमा नसल्याचं. सौम्यपणे सांगा, पण सांगा. दंड पहिल्यांदा दोन हजार, परत सापडला तर चार हजार, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, गोव्यात हे वाढलेले दंड १ एप्रिल २०२२ पासून लागले. तुम्हाला त्या दंडातून दमडी मिळत नाही, पण "या गाडीला विमा नव्हता" हे सरकारी कागदावर येतं आणि त्याचीच तुम्हाला गरज आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, ती गाडी सोडू देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितलंय की अपघात केलेली बिनविम्याची गाडी मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि नाही दिली तर लिलाव करून पैसे ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, ठेवायचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात वकिलाकडून तसा अर्ज टाका. जुन्या मोटारसायकलचे लिलावात काय येणार ते येऊ दे, पण हमीच्या निमित्ताने मालक पहिल्यांदा जागा होतो, तोपर्यंत तो फोन उचलत नाही. मी चौथ्या दिवशी पोलिसांत गेलो तोपर्यंत गाडी कुठे होती कोणालाच माहीत नव्हतं.

आता स्वतःची पॉलिसी काढून बघा

लोक म्हणतात "माझा फुल इन्शुरन्स आहे", उघडून बघितलं की थर्ड पार्टी. माझंही तसंच. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर, तुमच्या स्वतःच्या गाडीला त्यातून काही मिळत नाही. समोरचा बिनविम्याचा आणि तुम्ही थर्ड पार्टीवाले, म्हणजे गाडीचा खर्च खिशातून, बस्स. ओन डॅमेज असेल तर तुमचीच कंपनी तुमची गाडी दुरुस्त करून देईल, चूक समोरच्याची असली तरी, फक्त लगेच कळवा आणि सर्व्हेअर यायच्या आत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका.

पण मग नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. राग येण्यासारखीच गोष्ट आहे, चूक त्याची, विमा नाही त्याच्याकडे, आणि सूट जाणार तुमची. पाच वर्षं क्लेम न करता गेली असतील तर ५० टक्के सूट असते, ती परत शून्यावर. म्हणून छोटं काम असेल तर आधी गणित करा, आठ हजारांच्या बंपरसाठी क्लेम टाकायचा आणि पुढच्या वर्षी तेवढेच जास्त भरायचे याला अर्थ नाही. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन मिळतं, कारवाल्यांनी घ्यावं असं माझं मत.

आणि मागे बसणाऱ्याचं काय? हे मला माहीतच नव्हतं. दुचाकीच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला माणूस येतोच असं नाही, सुप्रीम कोर्टानेही तसे निकाल दिलेत. समोरच्या गाडीचा विमा असता तर बायकोला त्यातून मिळालं असतं, कारण त्या गाडीच्या दृष्टीने ती तिसरी पार्टी. तो नाही, आणि माझ्या पॉलिसीतही ती नाही, म्हणजे ती मधल्या मध्ये लटकली. मालकाचा १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट (पीए) असतो तो फक्त मालक-चालकासाठी, तोही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच, इस्पितळाच्या बिलाला नाही. म्हणून पिलियनचं वेगळं कव्हर घ्या आणि घरच्या सगळ्यांचा मेडिक्लेम चालू ठेवा, बिनविम्याच्या माणसापासून खरी राखण तिथेच होते.

ट्रिब्युनलची पायरी

अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज घालायचा, कलम १६६. पूर्वी मुदतच नव्हती, आता १ एप्रिल २०२२ पासून आहे, आणि "हात बरा होऊ दे मग बघू" म्हणता म्हणता सहा महिने कसे जातात कळत नाही. अर्ज अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, कुठेही चालतो. चूक कोणाची हे सिद्ध न करता ठरलेली रक्कम मागायचं कलम १६४ पण आहे, मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि हाड मोडणं कायद्यात गंभीरच धरतात. यातलं कुठलं धरायचं ते वकिलाला विचारून ठरवा कारण एकाचे पैसे घेतले की दुसरं बंद होतं. सगळी बिलं, एक्स-रे, पगार कापल्याचं पत्र, रिक्षाची चिठ्ठी, सगळं एका फायलीत.

एक विचित्र गोष्ट सांगतो. ठोकणारा पळून गेला आणि सापडलाच नाही तर सरकारच्या फंडातून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. पण ठोकणारा समोर उभा आहे, नाव-गाव माहीत आहे, फक्त विमा नाही, तर ते पैसे नाहीत, जा त्याच्याकडूनच वसूल करा.

वसूल कोणाकडून? चालवणारा आणि मालक दोघांकडून. मालक म्हणजे आरसीवर नाव आहे तो, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच हे स्पष्ट केलंय, मध्ये गाडी चार हात फिरली असली तरी. आमच्या केसमध्ये आरसीवर वास्कोचा एक गृहस्थ निघाला, त्याने गाडी कधीच विकलेली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या करून दिल्या आणि विसरला, ट्रान्सफर कोणी केलीच नाही. तो बिचारा हात जोडून सांगतो माझा काय संबंध. माझा त्याच्यावर राग नाही, पण नोटीस त्यालाच गेली. गाडी विकली की १४ दिवसांत वाहतूक खात्याला कळवा, आणि अ‍ॅपवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय झोपू नका.

निकाल लागला तरी पैसे लगेच येत नाहीत. मालकाने भरले नाहीत तर ट्रिब्युनल जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, कलम १७४. कागदावर जबरदस्त वाटतं. आता गोव्यातलं घर डोळ्यांपुढे आणा, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांपासून पंधरा नावं, अर्धे मुंबईत, दोघे पोर्तुगालला, जप्त काय करणार? पगारदार असेल तर काहीतरी हाताला लागतं. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं, आधी आपली पॉलिसी नीट करा.

आणि बाकीच्यांना काय फरक पडतो असं वाटत असेल तर बघा, थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं तो दाव्यांचा खर्च बघून, आणि तो भरणारे आपण अर्धे. उरलेल्या अर्ध्यांनी तोडलेले हातपाय गोमेकॉत येतात, तिथे खाटा मोजक्या आणि त्या आपल्याच करातून. एखादा पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणारा, धरा, बांबोळीला पाय प्लॅस्टरमध्ये अडकवून पडला, मोटारसायकल मोडलेली, तीन महिने भाडं नाही, ठोकणाऱ्याकडे विमा नाही, तर त्याच्या पोराची फी शेवटी सोसायटीच्या कर्जातून नाहीतर बायकोच्या मंगळसूत्रातून जाते.

तुमचाच संपलेला असेल तर

आधी एक सांगतो, तुमच्या गाडीला विमा नसताना तुम्हाला दुसऱ्या विमावाल्या गाडीने ठोकलं तरी त्यांच्या कंपनीकडून भरपाई मागायचा तुमचा हक्क जात नाही, दंड तेवढा वेगळा भरावा लागेल. घाबरून पळू नका.

सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो आणि कारला तीन वर्षांचा. यामुळे एक वेगळाच घोळ झाला, लोकांना दरवर्षी रिन्यू करायची सवयच राहिली नाही, शोरूमने केलंय म्हणून निवांत, आणि पाच वर्षं कधी उलटली कळलंच नाही. त्यात पहिल्या पॉलिसीत ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे दोन तारखा असतात एका कागदावर, दोन्ही बघा.

जून २०२२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी ७१४ रुपये, वर जीएसटी आणि मालकाचा पीए. हजार सीसीपर्यंतच्या कारला २०९४. थर्ड पार्टी ऑनलाइन लगेच मिळतो, ओन डॅमेज संपून गेला असेल तर आधी गाडीचं इन्स्पेक्शन मागतात, आणि संपल्यावर ९० दिवसांच्या आत केलंत तर नो क्लेम बोनस टिकतो. आरसीवरचा चेसिस नंबर पॉलिसीवर जसाच्या तसा आलाय का ते वाचा. पॉलिसीवर ती कधीपासून सुरू होते ती तारीख आणि वेळ छापलेली असते, तोपर्यंत गाडी शेडमध्येच राहू दे, मी आमची जुनी अ‍ॅक्टिवा पुढच्या दिवशी रात्री बारापर्यंत तशीच ठेवली आणि पाव आणायला चालत गेलो.